महागाई वाढतेय, बाजार पडतोय. आता काय विकू?

प्रश्न : मी 48 वर्षांची आहे, निवृत्तीला 12 वर्षं आहेत. यजमानही नोकरीत आहेत. आमच्या बचतीचे शंभर भाग केले तर 55 भाग बँकेच्या मुदत ठेवींत आहेत, 25 शेअर बाजाराच्या म्युच्युअल फंडांत, 10 दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या फंडात, 6 यजमानांच्याच कंपनीच्या शेअरमध्ये आणि 4 सोन्यात. ठेवी आमच्या म्हातारपणासाठी आणि शेअरचे फंड मुलीच्या उच्च शिक्षणासाठी, असं ती लहान असतानाच ठरवलं होतं. तिची पहिली फी आता दीड वर्षावर आली आहे. तिथून पुढच्या तीन वर्षांत मिळून साधारण 20 भाग लागतील. गेल्या काही महिन्यांत सगळंच महागलं आणि त्याच वेळी फंडाचा आकडा खाली आला. सुरक्षित म्हणून घेतलेला रोख्यांचा फंडसुद्धा उतरला, ते तर कळलंच नाही. यजमानांच्या कंपनीत माणसं कमी करायच्या गोष्टी चालू आहेत. मी घाबरून दरमहाची गुंतवणूक थांबवली. दीर म्हणतात, ठेवी मोडा आणि सगळं सोन्यात घाला. मैत्रीण म्हणते, फंड विकून ठेवी करा. घराचं कर्ज अजून आहे, बदलत्या व्याजाचं, साधारण 10 भागांएवढं. घरखर्चाला वर्षाला तेवढेच लागतात. काय विकू आणि काय ठेवू?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमचं पत्र नीट वाचल्यावर मला असं दिसतं की आज घाईने विकण्यासारखं तुमच्याकडे फारच थोडं आहे. ठेवी, फंड, रोखे, सोनं, हे सगळं असायला हरकत नाही. अडचण आहे ती कोणते पैसे कशासाठी ठेवलेत त्यात. दीड वर्षात भरायची फी शेअर बाजारात आहे आणि 12 वर्षांनी लागणारे म्हातारपणाचे पैसे मुदत ठेवींत. म्हणजे जवळची गरज बाजाराच्या चढउतारावर सोडलीय आणि लांबची गरज महागाईच्या तोंडी दिलीय. मुलगी लहान होती तेव्हा तिचे पैसे शेअरमध्ये ठेवणं अगदी योग्य होतं. मधल्या वर्षांत गरज जवळ आली, पैसे मात्र होते तिथेच राहिले. पुष्कळ घरांत असंच होतं, कारण एकदा ‘हे मुलीचे’ म्हटलं की त्या पैशांकडे पुन्हा कोणी त्या नजरेने पाहत नाही.

तुमच्या शंभर भागांची मांडणी मी पुढे करून देते. पण त्याआधी महागाई या प्रत्येक गुंतवणुकीचं नेमकं काय करते ते समजून घ्या. ते समजलं तर पुढच्या वेळी दीर काय म्हणतात आणि मैत्रीण काय म्हणते, हे तुमचं तुम्हालाच तोलता येईल.

सुरुवात ठेवींपासून. ठेवीचा आकडा कधी खाली जात नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. समजा, ठेवीवर 7 टक्के व्याज मिळतंय आणि महागाई 6 टक्के आहे. एक टक्का तरी सुटतोय, असं वाटेल. पण व्याजावर 20 टक्के कर गेला तर हातात 5.6 टक्के राहतात. तुम्ही महागाईच्या 0.4 टक्के मागे. आता दुसरी परिस्थिती घ्या. व्याज 3 टक्के आणि महागाई 2 टक्के. इथेही दोन्हींतलं अंतर एक टक्काच आहे. कर जाऊन 2.4 टक्के राहिले, म्हणजे तुम्ही महागाईच्या 0.4 टक्के पुढे. अंतर तेच, कराचा दर तोच, तरी एकदा पुढे आणि एकदा मागे. याचं कारण असं की कर सगळ्या व्याजावर लागतो. त्या व्याजातला मोठा भाग पैशाची जी किंमत घटली त्याची भरपाई असतो, तो काही फायदा नसतो. तरी त्यावरही कर द्यावा लागतो. महागाई जितकी जास्त, तितका हा भाग मोठा. ‘महागाई वाढली तर वाढू दे, व्याजदरही वाढलेत की’ असं म्हणून जे निश्चिंत राहतात, त्यांनी हा हिशोब एकदा स्वतःचे आकडे घालून करून पाहावा.

हाच हिशोब 12 वर्षं पुढे नेला तर काय होतं? 5.6 टक्क्यांनी 100 चे 192 होतात. 6 टक्के महागाईने आज 100 ला मिळणारी वस्तू 201 ला जाते. हे मोठं नुकसान नाही, संथ झीज आहे, आणि तेही व्याज हात न लावता ठेवीतच राहू दिलं तर. व्याज दर वर्षी काढून खर्च केलं तर मात्र 12 वर्षांनी हातात तेच 100 असतील आणि त्यात आजच्या निम्मंच येईल. म्हातारपणाचे सगळे पैसे ठेवींत नकोत, ते यासाठी. दीड वर्षाच्या मुदतीत मात्र ही झीज अर्ध्या-पाऊण टक्क्याची. तेवढ्यासाठी ठेवीला नावं ठेवू नका. जवळच्या गरजेला तिच्याइतकी चांगली जागा नाही.

महागाईच्या आकड्याबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवते. ‘महागाई उतरली’ अशी बातमी येते तेव्हा किमती उतरलेल्या नसतात, त्यांच्या वाढीचा वेग कमी झालेला असतो. एका वर्षी 9 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 3 टक्के महागाई झाली तर 100 ची वस्तू आधी 109 ला आणि मग 112 च्या वर जाते. आधीची वाढ कुठेही जात नाही, तुमच्या निवृत्तीच्या हिशोबात ती कायमची येऊन बसते. दुसरं, जाहीर होणारा दर सरासरी कुटुंबाचा असतो. तुमच्या घरात पुढची काही वर्षं शिक्षणाचा खर्च मोठा आहे, त्यानंतर औषधपाण्याचा वाढेल. म्हणून गेल्या दोन वर्षांचा स्वतःचा खर्च काढून त्यात किती वाढ झाली ते पाहा. हिशोबात धरायचा आकडा तो. मुलीच्या फीचे 20 भाग आजच्या फीवरून काढले असतील, तर त्यातही वाढ धरा.

आता रोख्यांचा फंड. तुम्हाला सगळ्यात जास्त कोडं याचंच पडलंय आणि ते रास्त आहे. सरकार पैसे बुडवणार नाही म्हणून घेतलेली गोष्ट खाली आली तर कोणीही चक्रावेल.

सरकारी रोखा म्हणजे सरकारला ठरावीक मुदतीसाठी दिलेलं कर्ज. असं समजा, तुमच्याकडे 100 चा, 10 वर्षांचा, दर वर्षी 5 व्याज देणारा रोखा आहे. महागाई वाढली, मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवले आणि आता बाजारात तसेच नवे रोखे 7 टक्क्यांनी मिळू लागले. तुमचा 5 टक्क्यांचा रोखा 100 ला कोण घेईल? घेणारा त्याची किंमत पाडूनच मागणार, इतकी की त्यालाही एकूण 7 टक्के सुटले पाहिजेत. हिशोब केला तर ती किंमत 86 च्या आसपास येते. सरकारने काहीही बुडवलेलं नाही, व्याज वेळेवर मिळतंय, तरी आज विकायला गेलात तर 14 कमी. तोच रोखा फक्त दोन वर्षांचा असता तर किंमत 96 च्या वर राहिली असती. मुदत जितकी लांब, तितकी व्याजदराची मार मोठी. तुमच्या फंडाच्या माहितीपत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ नावाचा एक आकडा दिलेला असतो. तो 8 असेल तर व्याजदर एका टक्क्याने वाढल्यावर फंड साधारण 8 टक्के उतरतो, आणि दर एका टक्क्याने घटल्यावर साधारण तेवढाच चढतो. फंड घेताना हा आकडा कोणी तुम्हाला दाखवला नसेल, तर ‘सुरक्षित’ हा शब्द अर्धवट सांगितला गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. किंमत 86 वर आली खरी, पण आता ते 86 दर वर्षी 7 टक्क्यांनी वाढतात, आधीचे 100 फक्त 5 टक्क्यांनी वाढत होते. व्याजदर तिथेच राहिले असं धरलं तर साधारण आठव्या वर्षी दोन्ही वाटा एकाच जागी, 148 च्या जवळ येतात. त्यानंतर दर वाढल्याचा तुम्हाला उलट फायदाच होतो. पैसे दोन वर्षांनी लागणार असते तर मी म्हटलं असतं, बाहेर पडा. ते 12 वर्षांनी लागणार असतील तर आज विकणं म्हणजे नुकसान पदरात घ्यायचं आणि भरपाई दुसऱ्याला द्यायची. ठेवा.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं असेल तर मार्च 2023 मध्ये बंद पडलेल्या अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं उदाहरण आहे. तिने ठेवीदारांचे पैसे मोठ्या प्रमाणात लांब मुदतीच्या, बुडण्याची भीती नसलेल्या रोख्यांत घातले होते. व्याजदर चढले, रोख्यांच्या किमती उतरल्या, आणि नेमके तेव्हाच ठेवीदार पैसे मागायला आले. रोखे तोट्यात विकावे लागले, ती बातमी फुटली आणि काढणाऱ्यांची झुंबड उडाली. रोख्यांची पत उत्तम होती. मुदत आणि गरज यांचा मेळ नव्हता, आणि तेवढ्यानं बँक गेली.

‘शेअर उतरले की रोखे सावरतात’ असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. तेही खरं आहे, पण उतरण्याचं कारण काय त्यावर ते अवलंबून असतं. मंदीच्या भीतीने शेअर पडले तर मध्यवर्ती बँक व्याजदर कमी करते आणि रोख्यांच्या किमती चढतात. महागाईच्या भीतीने पडले तर ती दर वाढवते, आणि दोन्ही एकदम उतरतात. 2022 मध्ये हेच झालं. अमेरिकेत जूनमध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, चार दशकांतली सर्वांत जास्त. मार्च 2022 मध्ये जवळजवळ शून्यावर असलेला तिथला मुख्य व्याजदर जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला गेला. त्या 2022 सालात तिथल्या 500 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी 500 निर्देशांक सुमारे 19 टक्के उतरला आणि रोख्यांचा मुख्य निर्देशांक सुमारे 13 टक्के. वर्षानुवर्षं दोन्ही निम्मे निम्मे ठेवून निवांत असलेल्या लोकांना त्या वर्षी कुठेच आसरा मिळाला नाही. तुमच्या घरातही सध्या त्याच जातीची घसरण आहे. तुमच्या निवडीत काही खोट होती असा त्याचा अर्थ लावू नका.

शेअरबद्दल माझं मत थोडं सावध आहे. लांब पल्ल्यात महागाईला पुरून उरण्याची शक्ती शेअरमध्ये सर्वांत जास्त, हे मला मान्य आहे. कंपनी आपल्या मालाच्या किमती वाढवू शकते, नफा वाढतो, त्याबरोबर शेअरची किंमत वाढते. पण हे महागाई भडकते त्याच वर्षी होत नाही. तेव्हा कच्चा माल आणि पगार आधी महागतात, किमती वाढवायला वेळ लागतो, ज्यांचा माल दुसऱ्या कुणाकडूनही घेता येतो त्यांना तर त्या वाढवताही येत नाहीत. शिवाय ठेवींवर आणि रोख्यांवर चांगलं व्याज मिळू लागलं की तेवढ्याच नफ्यासाठी शेअरला जास्त किंमत द्यायला लोक तयार नसतात. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक 1966 च्या सुरुवातीला हजाराच्या उंबरठ्यावर होता. 1982 मध्येही तो हजाराच्या खालीवरच घुटमळत होता. मधल्या 16 वर्षांत तिथल्या किमती जवळजवळ तिप्पट झाल्या. लाभांश धरला तर चित्र थोडं सुधारतं, तरी त्या काळात निवृत्त झालेल्यांना शेअरने तारलं असं म्हणता येणार नाही. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये 38,900 च्या वर गेला आणि ती पातळी त्याला पुन्हा गाठता आली फेब्रुवारी 2024 मध्ये. ‘थांबा, बाजार परत येतोच’ असं सरसकट सांगणाऱ्यांना मी ही दोन उदाहरणं नेहमी देते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच आठवड्यांत एस अँड पी 500 सुमारे 34 टक्के कोसळला, आणि ऑगस्टमध्ये तो आधीच्या उच्चांकाच्या वर होता. मार्चमध्ये घाबरून विकलेल्या माणसाला परत घेण्याची वेळ कधी सांगता आली नाही, कारण बातम्या तेव्हाही वाईटच होत्या. पुढे काय होणार हे मला सांगता येत नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर विसंबून घरातले पैसे हलवू नका. यातून मी घेते ते इतकंच : शेअरमध्ये असे पैसे हवेत ज्यांना दहा वर्षं हात लावायची वेळ येणार नाही, आणि ते एकाच देशात, एकाच उद्योगात अडकलेले नकोत.

दिरांच्या सोन्याबद्दल. जानेवारी 1980 मध्ये, महागाईच्या भीतीने टोक गाठलं होतं तेव्हा, सोनं औंसाला 850 डॉलरवर गेलं. 1999 मध्ये ते अडीचशे डॉलरच्या आसपास होतं, आणि तोवर अमेरिकेतल्या किमती दुपटीच्या वर गेल्या होत्या. आणि 2022 मध्ये, महागाईने चाळीस वर्षांचा उच्चांक केला त्या वर्षी, डॉलरमधला सोन्याचा भाव वर्षाअखेर जिथून निघाला होता तिथेच जवळपास आला. सोनं कामाचं आहे. चलनावरचा विश्वास उडतो, युद्ध होतं, तेव्हा ते चढतं, आणि इतर सगळं उतरत असताना बऱ्याचदा टिकून राहतं. पण ते व्याज देत नाही, लाभांश देत नाही, आणि सगळे त्याच्या मागे लागलेले असताना घेतलं तर वीस वर्षंसुद्धा वाट पाहायला लावतं. तुमचे 4 भाग ठीक आहेत. फार तर 6 ते 8 करा, तेही हळूहळू. दिरांना तुमची काळजी आहे हे दिसतं. त्यांना एवढंच सांगा की मुलीच्या फीचे पैसे सोन्यात ठेवता येणार नाहीत.

आता तुमचे शंभर भाग घेऊ.

पहिलं काम कागदावरचं. आजपासून ठेवी मुलीच्या आणि शेअरचे फंड तुमच्या म्हातारपणाचे. विकायचं काही नाही, कर लागायचा नाही, पडलेल्या भावाला फंड मोडायची वेळ नाही. मैत्रिणीच्या सल्ल्याने जे साधायचं होतं, मुलीची फी सुरक्षित करणं, ते एकही युनिट न विकता झालं. 55 पैकी 20 भाग फीसाठी बाजूला काढा, आणि ते एकाच ठेवीत न ठेवता प्रत्येक फीच्या आधी साधारण महिनाभर मुदत संपेल अशा वेगवेगळ्या ठेवी करा. फी वाढण्याची शक्यता धरून आणखी दोन भाग हाताशी असू द्या. ठेवी दोन-तीन बँकांत विभागलेल्या असाव्यात, ठेव विम्याची मर्यादा, म्हणजे बँक बुडाली तर किती रक्कम विम्यातून परत मिळते, ते पाहून.

दुसरं, 10 भाग, म्हणजे वर्षभराचा घरखर्च, अडीअडचणीसाठी. एरवी मी सहा महिने म्हटलं असतं. यजमानांच्या कंपनीतलं वातावरण पाहता वर्षभराचा ठेवा, लहान मुदतीच्या किंवा केव्हाही काढता येतील अशा ठेवींत. हे पैसे महागाईच्या मागे पडणार, ते मान्य करूनच ठेवायचे. नोकरी गेली तर पडलेल्या बाजारात फंड विकावे लागू नयेत, एवढंच त्यांचं काम आहे. मंदीत नोकऱ्या जातात आणि बाजार पडतो, या दोन गोष्टी बहुधा एकत्रच येतात.

म्हणूनच यजमानांच्या कंपनीचे 6 भाग मला सगळ्यात जास्त खटकतात. पत्रात तुम्ही त्याचा नुसता उल्लेख केलाय, पण तुमच्या सगळ्या बचतीत विकण्यासारखं काही असेल तर ते हे. पगार त्या कंपनीचा आणि बचतही तिचीच. कंपनीला वाईट दिवस आले तर दोन्ही एकाच वेळी जातात. 2001 मध्ये अमेरिकेतली एन्रॉन कंपनी बुडाली तेव्हा हजारो लोकांची नोकरी आणि निवृत्तीची पुंजी एकत्रच गेली, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून जास्त पैसा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होता. यजमानांना कंपनीबद्दल आपलेपणा असेल, विकताना जिवावर येईल. त्यांना हे बोलून दाखवा. कर्मचाऱ्यांसाठी विक्रीचे काही नियम, ठरावीक कालावधी असतील तर ते पाहून, कराचा विचार करून, दोन-तीन टप्प्यांत विका आणि ते पैसे अनेक कंपन्यांच्या, शक्य असेल तर अनेक देशांच्या शेअर फंडात घाला.

असं केल्यावर म्हातारपणासाठी काय राहतं ते बघा. शेअरचे 31, रोख्यांचे 10, सोन्याचे 4 आणि उरलेल्या ठेवींतले काही. यात निम्म्याच्या आसपास शेअर आहेत. 12 वर्षं हातात असलेल्या आणि नोकरीची धाकधूक असलेल्या घराला हे मला योग्य वाटतं. याहून जास्त शेअर ठेवायला सांगणारे भेटतील. पण ज्या माणसाची रात्रीची झोप जाते तो पुढच्या घसरणीत विकून मोकळा होतो, आणि तुम्ही एकदा दरमहाची गुंतवणूक थांबवलीच आहे. महागाईशी मुद्दल जोडलेले सरकारी रोखे तुम्हाला सहज मिळत असतील तर ठेवींचा काही भाग तिकडे वळवता येईल. महागाईचा निर्देशांक वाढला की त्यांची मुद्दल वाढते. ब्रिटनमध्ये ते 1981 पासून आहेत, अमेरिकेत 1997 पासून. मात्र मुदत संपेपर्यंत ठेवणार असाल तरच घ्या. लांब मुदतीचे असे रोखेही 2022 मध्ये व्याजदर चढल्यावर जोरात पडले होते. निवृत्तीला पाच वर्षं उरली की दर वर्षी थोडं थोडं शेअरमधून काढून आणायला सुरुवात करा, म्हणजे निवृत्तीच्या पहिल्या तीन-चार वर्षांचा खर्च बाजाराच्या बाहेर असेल. पैसे काढायला लागल्यावर सुरुवातीलाच मोठी घसरण आली तर ती भरून निघणं फार कठीण जातं, कारण त्या काळात स्वस्तात विकून खाल्लेलं पुढच्या चढात आपल्याकडे नसतं.

आता कर्ज. ते तुम्ही शेवटी सांगितलंत आणि गुंतवणुकीच्या यादीत धरलंच नाहीत, पण तेही याच हिशोबात यायला हवं. महागाईत कायम दराचं कर्ज हलकं होत जातं, कारण हप्ता तोच राहतो आणि पगार वाढतो. बदलत्या दराचं कर्ज मात्र महागाईबरोबर महागतं. तुमच्या कर्जावर 9 टक्के व्याज असेल आणि ठेवीवर कर जाऊन 5.6 टक्के मिळत असतील, तर ठेव ठेवून कर्ज फेडत राहणं म्हणजे त्या रकमेवर दर वर्षी 3.4 टक्के घालवणं. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर ती वजा करून पाहा, तरी बहुतेक वेळा कर्ज फेडणंच सरस ठरतं. बाजार चढो वा पडो, इतका खात्रीचा परतावा तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. फीचे 22 आणि अडीअडचणीचे 10 बाजूला काढल्यावर ठेवींत 23 भाग उरतात. त्यातल्या ठेवी जशा मुदत संपून हातात येतील तशा कर्जात भरत जा. दंड भरून मोडू नका.

घाई करू नका असं म्हणण्याला आणखी एक कारण आहे. कर्जात भरलेले पैसे गरज पडली तर परत मिळत नाहीत. म्हणून वर्षभराचा खर्च बाजूला झाल्याशिवाय पहिला भरणा नको. अर्धवट फेडल्यावर बँक विचारेल, हप्ता कमी करायचा की मुदत. एकूण व्याज जास्त वाचतं ते मुदत कमी केल्याने, आणि साधारणपणे मी तेच सुचवते. तुम्हाला मात्र सध्या हप्ता कमी करून घ्या असं सांगेन. यजमानांचा पगार काही महिने थांबला तर लहान हप्ता निभावता येतो. कर्ज संपल्यावर जो हप्ता सुटेल तो सगळा दरमहाच्या शेअर गुंतवणुकीकडे वळवा. आणि जी गुंतवणूक तुम्ही थांबवलीत, ती अडीअडचणीचे पैसे बाजूला झाल्या महिन्यापासून निम्म्या रकमेने सुरू करा. भाव खाली असताना तेवढ्याच पैशात जास्त युनिट पडतात, आणि हे पैसे 12 वर्षांचे असल्यामुळे तुम्हाला आज भाव खाली असलेलेच बरे.

वर्षातून एकदा, एक ठरलेली तारीख पकडून, ही वाटणी पाहा. एखादा भाग ठरल्यापेक्षा पाच-सहा भागांनी पुढे गेला असेल तर नवे पैसे मागे पडलेल्याकडे वळवा, विकण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. मधल्या काळात फंडाचा आकडा रोज पाहायची गरज नाही.

पुढच्या आठवड्यात यजमानांसोबत बसून सगळ्या ठेवींच्या मुदत संपण्याच्या तारखा एका कागदावर लिहा आणि शेजारी मुलीच्या फीच्या तारखा. कर्ज देणाऱ्या बँकेकडून आजची शिल्लक मुद्दल, सध्याचा व्याजदर आणि आधी फेडल्यास काही शुल्क आहे का, हे लेखी मागवा. कंपनीचे शेअर विकायला यजमानांचं मन होत नसेल तर मला कळवा, त्यांच्यासाठी वेगळं लिहीन.